वाहत्या पाण्याखालचं बटण

शेंद्र्याच्या एमआयडीसीच्या अलीकडं, नव्या प्लॉटिंगच्या मागं एक वस्ती आहे. तिथल्या टाकीत चार दिवसांतून एकदा टँकर रिकामा व्हायचा. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. समोर सात-सात मजले भराभर चढत होते आणि वस्तीतल्या बाया हंडे घेऊन रामकिसनची वाट बघत होत्या. टाकीची चावी त्याच्याकडं. माणूस वाईट नव्हता, पण त्याची झोप, त्याचा चहा, त्याच्या सोयरिकी, सगळं उरकलं की मग पाणी. तोवर बायांची कंपनीतली पाळी हुकायची. मेघाच्या आईचे, म्हणजे मालनबाईंचे, असे महिन्यात तीन खाडे झाले होते.

मेघा श्रीरंग सरांच्या छोट्या कारखान्यात इंजिनिअर. चावीऐवजी बटण बसवायचं तिनंच डोक्यात घेतलं. गेल्या साली कुणीतरी काचेचं टच पॅनल लावून गेलं होतं. त्याला पाण्याचा थेंब आणि माणसाचं बोट यातला फरकच कळेना. थेंब पडला की नळ आपोआप सुरू. अर्धी टाकी चिखलात गेली. दुधानं तोंड पोळलेली वस्ती ती, ताकही फुंकून पिणार! तरी मेघानं घरोघर जाऊन शब्द दिला. तिचं यंत्र पोलादी पत्र्यामागं होतं. मागून पत्र्यात अल्ट्रासाउंड सोडायचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज. पत्र्यावर बोट टेकलं की बोट तो आवाज पिऊन टाकतं, परत येणारा आवाज मंदावतो आणि यंत्राला कळतं. थेंबाला तेवढा आवाज पिता येत नाही. पत्र्यावर दोन गोल: एक ‘चालू’, एक ‘बंद’. बोट टेकलं की नळातली विजेची झडप ठक करून उघडायची किंवा मिटायची.

आज सकाळी चाचणी होती. जमलं तर चावी जाणार. नाही जमलं तर चावी राहणार, आणि मेघाचा शब्द कायमचा जाणार.

पहिला नंबर सरूबाईंचा. त्यांनी मुद्दाम ओल्या बोटानं दाबलं. नळ चालू. परत ओल्या बोटानं, बंद. बाया हसल्या. मग कुणी पिठाच्या हातानं दाबलं, कुणी बोटं पाण्यात बुडवून. अकरा बाया झाल्या, बटण एकदाही चुकलं नाही. श्रीरंग सर मोबाईलवर फोटो काढत होते.

बाराव्या चतुराबाई. सत्तरी उलटलेली, एकटी बाई, हंडा एकच. तो काठोकाठ भरला आणि नेमकी तेव्हाच नळाची नळी हंड्याच्या तोंडातून सटकली. पाण्याची धार सणसणत थेट पत्र्यावर आली. चतुराबाईंनी ‘बंद’ दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग तळहातानं, मग मुठीनं. पाणी वाहतच राहिलं.

“बंद करा! अहो, बंद करा कुणीतरी!” रांग फुटली. मेघानं स्वतः बोट दाबून धरलं. ढिम्म. शेवटी रामकिसन चावी घेऊन पळत आला आणि त्यानं मुख्य झडप आवळली. तोवर चाळीसेक हंडे पाणी मातीत गेलं होतं. दोघी जणी खाली बसून डबक्यातलं पाणी तांब्यानं उपसायला लागल्या.

“म्हातारीला नेमकं आजच यायचं व्हतं!” कुणीतरी ओरडलं. “येत नाय तर हात कशाला लावायचा?”

चतुराबाई भिजलेल्या लुगड्यानं उभ्या होत्या. “म्या दाबलं व्हतं गं... लई दाबलं...”

श्रीरंग सर पुढं झाले. “आजी, बोट नीट टेकवावं लागतं.” मग मेघाच्या कानाशी हळूच म्हणाले, “तू गप्प राहा. यंत्र नीट आहे असंच सांगू. दुरुस्ती नंतर करता येईल.”

मेघाला आता कुठं चूक झाली ते लख्ख दिसत होतं. धार पत्र्यावरून सलग वाहत होती, म्हणजे पाणीच आधी तो आवाज पिऊन टाकत होतं. बोट टेकलं तरी यंत्राला वेगळं काही वाटेना. कारखान्यात तिनं तीन महिने चाचण्या घेतल्या होत्या. पण कशानं? ओल्या फडक्यानं, फवाऱ्याच्या बाटलीनं, ओंजळभर पाण्यानं. पत्र्यावर नळ मोकळा सोडून बघावा, असं तिला एकदाही सुचलं नाही. पाणी वाया घालवायचं, हे या मातीतल्या पोरीच्या मनात येणारच कसं? तिला स्वतःचा संताप आला, आणि रडूही.

गप्प बसलं तर बटण राहील. आणि ही म्हातारी जन्मभर साठ घरांचं पाणी सांडणारी म्हणून ओळखली जाईल.

“चतुराबाईंची चूक नाय,” मेघा मोठ्यानं म्हणाली. “माझी हाय. वाहत्या पाण्याखाली म्या हे तपासलंच नाय.”

सरांनी मान फिरवली. मग सगळा राग तिच्याकडं वळला. घरचीच पोर, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! रामकिसननं चावी वर धरली. “ही ओली झाली म्हणून कधी अडली नाय, बाई. काढ तुझं यंत्र.”

“थांब रे,” चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी मेघाकडं रोखून बघितलं. “आता कळलंय ना तुला? मग कर की नीट.”

“त्याला पत्र्यावर पाणी वतावं लागंल, आजी.”

चतुराबाईंनी आपला भरलेला हंडा कमरेवर घेतला. “सांग, कवा वतू.”

कुणीतरी खाली घमेलं सरकवलं. मेघा मातीतच बसली, लॅपटॉप मांडीवर. डोकं झरझर चालत होतं. पाणी दोन्ही गोलांवर सारखंच वाहतं. बोट एकावरच टेकतं. मग एकाचा आवाज मोजायचाच नाही, दोन्हींतला फरक मोजायचा. पण किती फरक पडला की ते बोट समजायचं? ते पाणीच सांगणार होतं.

“वता.”

धार पडली. मेघानं ‘बंद’ दाबलं. काही नाही. तिनं आकडा बदलला. “अजून.” पुन्हा काही नाही. हंड्यात निम्मं राहिलं. तिसऱ्या खेपेला बोट टेकण्याआधीच झडप वाजली, म्हणजे आकडा फारच खाली आला होता. “शेवटचं हाय बघ,” चतुराबाई म्हणाल्या आणि हंडा उलटा केला. धारेखाली मेघानं बोट टेकलं.

ठक.

उचललं, दुसऱ्या गोलावर टेकलं. ठक. धार आटेपर्यंत पाच वेळा, पाचही वेळा ठक.

रामकिसननं मुख्य झडप उघडली, नळी हातानं धरून मुद्दाम धार पत्र्यावर सोडली आणि स्वतः दाबून बघितलं. नळ थांबला. तो जरा वेळ बोटाकडंच बघत राहिला. “चावी मी इतक्यात देणार नाय,” तो म्हणाला. “चार टँकर बघू. तवर बटणानंच भरा.”

चतुराबाईंचा नंबर होऊन गेला होता. त्या मोकळा हंडा घेऊन रांगेच्या शेपटाकडं निघाल्या. पुढचा नंबर मालनबाईंचा होता. एवढ्या वेळात त्यांनी लेकीला चांगलंही म्हटलं नव्हतं आणि वाईटही. त्यांनी चतुराबाईंच्या दंडाला धरलं, आपल्या जागेवर उभं केलं, स्वतःचे दोन हंडे उचलले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

टाकीत किती पाणी उरलंय ते मेघाच्या लॅपटॉपवर दिसत होतं. ते रांगेच्या शेवटापर्यंत पुरणार नव्हतं. आईनं लांबून तिच्याकडं बघितलं आणि हातानंच खूण केली: चालू कर.