शेठच्या वडिलांच्या नावाची पाणपोई

"शेठ, हे पाणी प्यायचं नाही हो. हे यंत्र थंड करायचं पाणी!" धनजीभाईंनी पुन्हा सांगितलं आणि पियूषशेठने पुन्हा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

अंकलेश्वरच्या हमरस्त्यावर रंगाच्या कारखान्याच्या फाटकाशी मांडव पडला होता. लाल फडक्यांत गुंडाळलेले माठ, मागे शेठच्या दिवंगत वडिलांचा हार घातलेला फोटो. वैशाखात पाणपोई घालणं पुण्याचं काम, त्याला नाही कोण म्हणेल? पण शेठला पुण्याबरोबर 'सांडपाण्याचं गोड पाणी केलं' म्हणून पेपरात नावही हवं होतं. म्हणून माठांत भरलं होतं कारखान्याच्या सांडपाण्यातून परत मिळवलेलं पाणी.

ते धनजीभाईंच्याच हातचं. रंगाचं घाण पाणी गाळणयंत्राच्या बारीक पडद्यांतून गाळायचं, उरलेलं आटवून मीठ काढायचं. मीठ कापड रंगवणाऱ्यांना, पाणी पुन्हा कारखान्याला. या कामाचा त्यांना भारी अभिमान. येईल त्याला छाती फुगवून म्हणायचे, "पिऊन बघ, नर्मदेचं वाटेल!" नुसती फुशारकी. स्वतः त्यांनी कधी थेंब जिभेवर ठेवला नव्हता. त्यात आता पडदे फाटलेले आणि नव्यांचं नाव काढलं की शेठचं ठरलेलं, 'दिवाळीनंतर बघू.'

"नर्मदेचं पाणी तुम्हीच म्हणत होता ना?" शेठ हसला. "मग आता का पोटात गोळा?"

"मस्करीत बोललो, जीभ झडो माझी! टँकरचं भरा, पाया पडतो."

"मग बातमी कसली? आणि पिणार कोण, हमाल अन् ड्रायव्हर. दगड पचवतात ती माणसं."

धनजीभाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांगेत त्यांच्याच पाळीतली माणसं उभी होती. दगड पचवतात म्हणे!

तेवढ्यात शेठच्या आई, मोंघीबा, गाडीतून उतरल्या. पहिला लोटा त्यांच्या हातून द्यायचा होता. त्यांनी तो भरला आणि कडेवर पोर घेतलेल्या एका मजूर बाईपुढे धरला. बाईने ओंजळ पुढे केली.

धनजीभाईंनी लोटा हिसकावून फेकला. मांडवाचा बांबू उपसला आणि माठांवर घातला. खापऱ्या उडाल्या, पाणी बांच्या पांढऱ्या साडीवर उडालं. रांगेतून ओरडा झाला, "अरे, पाणपोई फोडली! नरकात जाशील!"

"मुडद्या!" मोंघीबा कडाडल्या. "माझ्या धन्याच्या नावाचा माठ फोडलास?"

"फोडला, बा. जाईन नरकात. पण तो एक शाबूत आहे ना, त्यातलं घोटभर तुमच्या लेकाला पाजा. मग मला जोड्याने मारा."

बांनी खाली पडलेला लोटा उचलला, भरला आणि लेकापुढे धरला. "पी."

"बा, आत्ता नको. लोक बघतायत."

"बघतायत म्हणूनच पी."

शेठने दोन्ही हात पाठीमागे नेले. "धनजीभाई, उद्यापासून येऊ नका," एवढंच तो म्हणाला.

बांनी लोटा खाली ठेवला. नवऱ्याचा फोटो काढायला हात वर केले, पण हात पोचेनात. धनजीभाईंनी तो खिळ्यावरून उतरवून दिला. काचेवर पाण्याचे शिंतोडे होते. ते पुसायला बांनी ओला पदर हातात घेतला, नाकाशी नेला, सोडून दिला आणि फोटो तसाच उराशी धरून त्या गाडीकडे चालू लागल्या.