एकोणिसावा प्रश्न

विद्यापीठाचा सर्वेक्षणाचा फॉर्म इंग्रजीत होता आणि दिंडोशीत दारोदार फिरून त्याचं तोंडी मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मोठ्या क्रीडास्पर्धांमुळे आसपासच्या लोकांचा कायमचा काय फायदा झाला, हा नंदकुमार सरांच्या संशोधनाचा विषय. फायदा झालाच असणार, असं धरूनच त्यांनी प्रश्न काढले होते. मला चीड यायची. पण माझी पीएचडी त्यांच्याच हातात, म्हणून गप्प बसायचे.

तीन वर्षांपूर्वी या वस्तीमागच्या मैदानावर धावण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती. तिच्यासाठी लाल ट्रॅक बांधला होता. शांताबाईंचं घर त्याच्या भिंतीला लागूनच. त्यांनी मला आधी कोकम सरबत दिलं, मग बसायला सांगितलं.

"मावशी, स्पर्धेमुळे घरातलं कुणी खेळायला लागलं?"

"लागलो ना! नितेश, माझो झील. थंय पाण्याच्या बाटल्यो वाटूक गेललो. त्या पोरांका धावताना बघून येडोच झालो. रोज पाचाक उठून ट्रॅकवर."

मुलगा खेळायला लागला, म्हणून मी खुशीत 'हो, एक'वर खूण केली. सरांना असलंच उत्तर हवं असतं.

"अजून धावतो?"

"स्पर्धा संपली नि ट्रॅकाक कुलूप घातल्यानी गो. सभासद होवा म्हणाले. मग तो हायवेच्या कडेन धावाक लागलो. टँकरान उडवल्यान."

पुसलेलाच पेला त्या पुन्हा पुसत राहिल्या. पोरगा एकोणीस वर्षांचा होता.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण अर्धवट फॉर्म चालत नाही, म्हणून मी निर्लज्जपणे एकोणिसावा प्रश्न विचारला. "स्पर्धेचा वारसा म्हणून इथे काय उरलं?" 'लेगसी' या इंग्रजी शब्दाला 'वारसा' मीच शोधला होता, आणि त्याचा मला मोठा तोरा होता.

"वारस?" त्यांनी वर पाहिलं. "एकच हुतो. रेशनकार्डावरून पण नाव काढल्यानी त्याचा. तू तरी लिव."

फॉर्मवर कुणाचंही नाव लिहायचं नाही, हा आमचा नियम. नाव दिसलं की सर अख्खा फॉर्म बाद करत. बाद झाला की 'हो, एक'सुद्धा जाणार, म्हणजे नितेश कधी धावला होता हेही कुठेच उरणार नाही. मी कागदाच्या वर नुसतं पेन हलवलं.

"लिहिलं, मावशी."

"खंय? दाखव बघू."

मी बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत 'लागू नाही' असं छापलेलं होतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की मान वर होईना.

शांताबाईंनी पदराला हात पुसला आणि त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.

"अक्षर काय गो तुझा," त्या म्हणाल्या. "अगदी छापल्यासारखा."