शिक्का न बसलेला कागद

मी एक जुना कागद आहे. साधासुधा नव्हे, पदवीचा. मित्रांनो, तुम्ही वहीची पाने फाडून विमाने करता, होड्या करता. मला त्यांचा हेवा वाटतो. ती दोन हात का होईना, पण जातात. मी खिडकी क्रमांक चारपर्यंत गेलो आणि परत आलो. माझ्यापायी एक माणूसही परत आले. ते कसे, तेवढेच सांगणार आहे. गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म विद्यापीठाच्या छापखान्यात झाला. जाड अंग, सोनेरी किनार, वर विद्यापीठाची उठावाची मुद्रा. माझ्यासारखी हजारो भावंडे थप्पीत पडलेली असत. मग एका यंत्राने प्रत्येकावर काळ्या अक्षरांत एकेक नाव उमटवले. माझ्या वाट्याला एका मुलीचे नाव आले. विषय इंग्रजी, वर्ग पहिला, खाली कुलसचिवांची सही.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. मला स्वतःला इंग्रजीचे एक वाक्य बोलता येत नाही. तरी त्या मुलीला इंग्रजी येते की नाही, हे जग तिला विचारत नाही, मला विचारते. याला शहाणपण म्हणतात.

मुलीच्या वडिलांचे झेरॉक्स आणि लॅमिनेशनचे दुकान होते. सगळा बाजार त्यांना लॅमिनेशनकाका म्हणे. दुकानात एक यंत्र होते. त्याचा लाल दिवा तापल्यावर हिरवा व्हायचा, मग एका बाजूने कागद आत सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने तो काचेसारखा चकचकीत होऊन बाहेर यायचा. मुलगी मला घेऊन धावत आली तेव्हा काकांनी आधी हात धुतले. पुसले. मग शेजारच्या शिंप्याला हाक मारली.

"हे बघ. माझ्या पोरीचं आहे. वाच."

"मला वाचता आलं असतं तर नाड्या ओवत बसलो असतो का? तूच वाच."

"मला तरी कुठं येतंय इंग्रजी? नाव तेवढं लागतंय."

दोघे अडाणी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. इतक्या मायेने मला नंतर कोणीही वाचले नाही.

मग काकांनी प्लॅस्टिकचे सर्वांत जाड पाकीट काढले. गिऱ्हाइकाला पातळ, पोरीला जाड. दिवा हिरवा झाला. मी आत गेलो. गरम डिंक माझ्या पोटावर आणि पाठीवर पसरला, आणि बाहेरची हवा मला लागायची बंद झाली.

"आता हिला बापजन्मी काही होत नाही," काका म्हणाले. "पाणी पडू दे, चहा सांडू दे."

तळहाताच्या फोडासारखे जपणे म्हणतात, ते हेच. पण फोड कोंडून ठेवला की चिघळतो, हे त्या वाक्प्रचारात कोणी घातलेले नाही.

यंत्राच्या वरच्या भिंतीवर, एका खिळ्याला मी लटकलो. ते माझे मानाचे दिवस. गिऱ्हाईक विचारायचे, "मुलीची का?" आणि काकांची छाती दोन इंच वाढायची. लगेच सांगायचे, "तुमचीही आणा. कागद म्हणजे लेकरू, उघडं ठेवू नये." अर्ध्या गावाच्या पदव्या माझ्याकडे बघून त्या यंत्रातून गेल्या.

मुलगी शाळेत इंग्रजी शिकवू लागली. पोरे तिला मिस म्हणत, म्हणून शिंपीही मिस म्हणू लागला, आणि शेवटी बापही. अकरा वर्षे तिने त्या एकाच शाळेत शिकवले आणि अकराही वर्षे ती 'तात्पुरती' होती. सुट्टी लागली की काढायचे, शाळा उघडली की पुन्हा घ्यायचे. कायमच्या शिक्षकांना कपाट मिळे. तिची पुस्तके जिन्याखाली, पिशवीत, झाडूच्या शेजारी. ज्यांनी हा नियम केला त्यांना लाज वाटत नसावी. वाटत असती तर अकरा वर्षांत एकदा तरी वाटली असती.

संध्याकाळी काही मुले दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्याकडे शिकायला येत. भिंतीवरून मला सगळे ऐकू येई. पोरे इंग्रजी बोलायची म्हटली की तोंडातल्या तोंडात पुटपुटत. मिसचा एकच नियम होता.

"चुकायचं तर मोठ्यानं चुकायचं. हळू चुकलात तर मला दुरुस्त कसं करता येईल?"

मग पोरे अशी ओरडून चुकत की शिंपी पलीकडून म्हणे, "मिस, जरा बरोबर शिकव गं, टाके चुकतायत माझे!"

मग परदेशातल्या एका शाळेची जाहिरात तिने पाहिली. इंग्रजीची शिक्षिका हवी. तिने अर्ज केला. तिथल्या मुख्याध्यापिकेने फोनच्या पडद्यावरून तिचा एक अख्खा तास पाहिला. पोरे नेहमीसारखी मोठ्याने चुकली. ती परकी बाई हसली, आणि आठ दिवसांत नेमणुकीचे पत्र आले.

"बाबा, तिथं माझा स्वतःचा वर्ग असणार. दारावर माझं नाव. आत कपाट, कुलपाचं."

"कुलपाचं?" काकांनी दोनदा विचारले.

तिला फक्त कामाचा व्हिसा मिळवायचा होता, तोही शाळा उघडायच्या आत. सात आठवडे हातात होते. व्हिसासाठी मूळ पदवी लागते आणि पदवीच्या पाठीवर सरकारी शिक्के लागतात. एका खात्याचा, मग दुसऱ्याचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा. काकांनी मला खिळ्यावरून उतरवले, सदऱ्याने पुसले आणि म्हणाले, "बघ, काल छापल्यासारखी आहे. बापाची करणी!"

खिडकी क्रमांक चार. रांगेत मिस पुढे आणि काका तिच्या मागे, हातात फाइल धरून. खिडकीत कारकूनबाई होत्या. समोर ओल्या स्पंजची वाटी, बाजूला शिक्के. त्यांनी मला हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले.

"हे काय करून आणलंय?"

"लॅमिनेशन आहे, मॅडम. खराब होऊ नये म्हणून."

बाईंनी शिक्का उचलला आणि माझ्या पाठीवर मारला. निळा, ठसठशीत. मला वाटले, झाले! मग त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. शिक्का अंगठ्यावर गेला.

"बघा. असा शिक्का घेऊन विमानात बसणार? शिक्का कागदावर मारतात, प्लॅस्टिकवर नाही. हे दोन्ही बाजूंनी काढून आणा. पुढच्या मुद्रेचा उठाव माझ्या बोटाला लागला पाहिजे. नाहीतर विद्यापीठातून दुसरी प्रत आणा." आणि मग अंगठा पुसत, "आज तुम्ही सहाव्या. कोण करून देतं हे? त्याचे हात धरायला पाहिजेत."

काका मागेच उभे होते.

"बाजारातल्या एकानं केलं," मिस म्हणाली. "ओळखीचा नाही."

अकरा वर्षे पोरांना खरे बोला म्हणून सांगणारी मिस माझ्यादेखत खोटे बोलली. काका खाली चपलांकडे बघत राहिले.

मग विद्यापीठ. तिथला कारकून फॉर्म पुढ्यात घेऊन बसला.

"हरवली?"

"नाही."

"फाटली? जळली? नष्ट झाली?"

"नाही, धडधाकट आहे. पण वापरता येत नाही."

"तो रकाना नाही."

"म्हणजे?"

"हरवली आणि नष्ट झाली, असे दोनच रकाने आहेत. धडधाकट असेल तर दुसरी देता येत नाही. हरवली असेल तर पोलिसांचा दाखला जोडा."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, म्हणतात ना? इकडे म्हणतात, ही चालत नाही. तिकडे म्हणतात, ही तर चांगली आहे. आणि दोघेही पगार घेतात.

शिंपी म्हणाला, "हरवली म्हणून लिहून दे आणि मोकळी हो."

"पोलिसात खोटं लिहून देऊ, शिंपीकाका? आणि उद्या तिकडच्या पोरांना सांगू, खरं बोला?"

"तू इंग्रजीत सांगणार. मला थोडंच कळणार आहे!"

ती हसली, पण लिहून दिले नाही. बापासाठी खोटे बोलणारी ती, स्वतःसाठी मात्र बोलेना. अशी माणसे नेहमी रांगेतच उभी राहतात.

दोन आठवडे असेच गेले. एका दुपारी मिस शाळेत असताना काकांनी दुकानाचे शटर अर्धे ओढले. शिंप्याकडून इस्त्री मागून आणली.

"बसवलं मी," ते मला म्हणाले. खरेच, मलाच म्हणाले. "काढणारही मीच. तीस वर्षं हेच करतोय."

आधी त्यांनी पाठ घेतली. इस्त्रीची ऊब, पातळ पाते, कोपऱ्यातून हळूहळू. प्लॅस्टिक सालीसारखे निघाले. किती वर्षांनी माझ्या पाठीला हवा लागली! काका स्वतःशी गुणगुणू लागले. मग मला उलटे केले. किनार सुटली. मुद्रा सुटली. आणि नावाच्या ओळीशी आल्यावर माझ्या अंगातून काहीतरी निघून गेले.

पाठीवर काही छापलेले नव्हते, म्हणून ती सुखरूप सुटली होती. पुढची काळी अक्षरे डिंकाला चिकटून प्लॅस्टिकबरोबर गेली. काकांनी ते प्लॅस्टिक उजेडाकडे धरले. त्यात मुलीचे नाव होते, उलटे. खाली मी होतो, कोरा.

इथे थांबायला हवे होते. पण माणसाचे हात घाबरले की सवयीचे काम करतात. काकांनी ते प्लॅस्टिक घाईघाईने माझ्यावर पुन्हा ठेवले, अक्षराला अक्षर जुळवायचा प्रयत्न केला, आणि मला यंत्रात सोडले. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दिवा हिरवा व्हायची वाट पाहिली नाही. मी तिरका गेलो, रुळांत अडकलो, माझ्या चुण्या चुण्या झाल्या. काकांनी तोवर तापत आलेल्या रुळांत हात घालून मला ओढून काढले.

मिस शटरखालून वाकून आत आली. तिने मला पाहिले. इस्त्री पाहिली. बापाकडे पाहिले.

"बाबा, हात भाजला का?"

"ओरड की माझ्यावर! दे शिव्या!"

"आधी पाण्याखाली धरा."

नळाखाली त्यांचा हात धरून ती कितीतरी वेळ उभी होती. ती ओरडली असती तर काका सुटले असते. ती ओरडली नाही.

आता मी विद्यापीठाला पसंत पडलो. कारकुनाने माझ्या चुण्या बघितल्या आणि खुशीत खूण केली. "नष्ट. आता कसं नियमात बसलं! पंचेचाळीस दिवस, कामाचे." माझा जीव गेला तेव्हा कुठे माझ्यासाठी रकाना सापडला.

परदेशातली शाळा उघडण्याच्या तारखेनंतरही तीन आठवडे थांबली. मग पत्र आले. फार सभ्य पत्र होते. मुलांचे नुकसान होत असल्याने जागा भरली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मिसने ते वाचले, घडी केली आणि मागच्या खोलीत शिकवायला गेली. त्या दिवशी ती स्वतःच हळू बोलत होती. एक मुलगी म्हणाली, "मिस, ऐकू येत नाहीये."

त्या पत्रानंतर नवव्या दिवशी नवी प्रत आली. वर ठळक छापले होते: दुय्यम प्रत.

"बाबा, मी आता दुय्यम," मिस म्हणाली. तिला वाटले, हसतील. कोणी हसले नाही. शिंपीसुद्धा.

तिने आणखी दोन शाळांना लिहिले आहे. उत्तर नाही. तिची पुस्तके अजून जिन्याखाली आहेत. ही सुट्टी लागली तेव्हा तिला पुन्हा काढले, उघडल्यावर पुन्हा घेतले.

आणि मी? मला वाटले होते, केराच्या टोपलीत जाईन. पण काकांनी मला सरळ करून पुन्हा त्याच खिळ्याला लटकवले, चुण्यांसकट. खाली पुठ्ठा लावला. भाजलेल्या हाताने लिहिलेली अक्षरे वाकडी आली आहेत, पण मोठी आहेत, रस्त्यावरून वाचता येतात.

"ही चूक मी केली. इथे पदवी लॅमिनेट करून मिळणार नाही."

शिंपी म्हणाला, "वेडा झालास का? गिऱ्हाईक पळेल. चारचौघांत कशाला सांगायचं?"

काकांनी मागच्या खोलीकडे बोट केले. "मिसचा नियम आहे. चुकायचं तर मोठ्यानं चुकायचं."

आत मिसने हे ऐकले. तिने पोरांना धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावला, मोठ्याने.

अजून माणसे येतात. हातात कोरी करकरीत पदवी, डोळ्यांत पाणी, म्हणतात, "जाड प्लॅस्टिक लावा, पोरीची आहे." काका त्यांना माझ्याकडे बघायला सांगतात. काही शहाणे होतात. काही चिडून दुसऱ्या दुकानात जातात.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातातही माझ्यासारखा एखादा कागद येईल. त्याला जपा, जरूर जपा. साध्या पाकिटात ठेवा, उन्हापाण्यापासून वाचवा. आणि घरच्यांनी तुम्हालाच असे कोंडून जपायला घेतले तर त्यांना माझी गोष्ट सांगा. न भांडता सांगा, कारण त्यांचा हातही भाजलेला असतो. पण सांगा, की पाठ मोकळी सोडा. पुढचा शिक्का पाठीवरच बसायचा असतो.