अत्यावश्यक कर्मचारी

आदेश आला सोमवारी. दोन पानं, शेवटी शिक्का, आणि शिक्क्याच्या वर एक मोकळी रेघ. त्या रेघेवर सही करायची होती सुनेनं. एरवी घरात सुनेची सही कोण विचारतो? पण ही सून विमानं दुरुस्त करणारी मेकॅनिक होती, आदेश ज्या विमानाला लागू होत होता ते तिच्या सासऱ्यांचं होतं, आणि तिच्या सहीवाचून ते हँगरच्या दाराबाहेर चाक टाकू शकत नव्हतं.

सासऱ्यांना त्या लहानशा विमानतळावर सगळे कप्तान म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, कंबर ताठ, कान सोयीपुरते बहिरे. त्यांचं विमान चार जणांचं, पांढऱ्या अंगावर निळा पट्टा, नाव टिटवी. आभाळ कोसळेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात. ही टिटवी तिन्ही पाय जमिनीला टेकवून झोपायची आणि रोज सकाळी कप्तान येऊन तिच्या नाकावरची धूळ पुसायचे. सासूबाईंच्या चष्म्यावरची धूळ त्यांनी कधी पुसली नाही, असं सासूबाई म्हणत.

आदेश म्हणत होता की या जातीच्या काही जुन्या विमानांच्या पंखांना तडे सापडले आहेत. पंखाच्या पोटात एक लांब तुळई असते, तिला स्पार म्हणायचं. माणसाला पाठीचा कणा, तसा पंखाला स्पार. तो जाड बोल्टांनी विमानाच्या धडाला जोडलेला असतो, आणि तडा जातो तो नेमका त्या बोल्टांच्या भोकांपाशी, जिथे रंग आहे, पत्रा आहे, अंधार आहे आणि नजर नाही. म्हणून पाच हजार तासांहून जास्त उडालेल्या प्रत्येक विमानाचे बोल्ट काढा, भोकांत विजेची कांडी फिरवा, तडा नाही याची खात्री करा, आणि तोवर उडू नका. टिटवीनं सहा हजार कधीच ओलांडले होते.

कांडी इथे नव्हती. ती होती तासाभराच्या उड्डाणावर, दुसऱ्या विमानतळावरच्या एका तपासनीसाकडे, आणि त्याच्या दारात मुलखातली सगळी म्हातारी विमानं रांग लावून उभी होती. तुमच्याकडे यायला सहा आठवडे लागतील, असं तो फोनवर जांभई देत म्हणाला.

कप्तानांकडे सहा आठवडे नव्हते. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बत्ती मारून, उडण्याचा दाखला या महिनाअखेरपर्यंतच, पुढे नाही, असं स्वच्छ सांगितलं होतं. तेही त्यांनी गिळलं असतं. पण चाळीस वर्षं टिटवीत पाय न ठेवलेल्या सासूबाई या रविवारी बसते म्हणाल्या होत्या.

सासूबाईंनी आयुष्यभर कपडे शिवले. विमानात का बसत नाही म्हटलं की त्यांच्याकडे कारण तयार असायचं. आधी मूल लहान होतं, मग गिऱ्हाइकांची घाई होती, मग गुडघे होते. मूल मोठं झालं, त्याचं लग्न झालं, तरी गुडघे होतेच. पण डॉक्टरांचा कागद घरी आला त्या दिवशी त्या सुईत दोरा ओवत होत्या, आणि मान वर न करता एवढंच म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहे मी." कप्तान त्या दिवसापासून चालत नव्हते, तरंगत होते.

बुधवारी ते तरंगतच हँगरात आले आणि सुनेच्या पुढ्यात एक फॉर्म ठेवला. आदेशाच्या दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी, त्यांना एक मुभा सापडली होती. तपासणीची सोय जागेवर नसेल तर विमान ती सोय असलेल्या जवळच्या ठिकाणी एकदा उडवत नेता येईल. दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत. मेकॅनिकनं आधी झाकणं उघडून बोल्टांच्या आसपास डोळ्यांनी पाहावं आणि संशयास्पद काही नाही असं लिहून द्यावं. प्रवासी नेऊ नयेत; वैमानिक आणि अत्यावश्यक कर्मचारी एवढेच.

सुनेनं फॉर्म वाचला. अत्यावश्यक कर्मचारी या रकान्यात सासूबाई होत्या. अनुभव: शिवणकाम, चाळीस वर्षे. विमानातील काम: नकाशा धरणे.

तिनं विचारलं की आईंना नकाशा कळतो का. घरातून बाजारात जाताना त्या दर वेळी चुकीच्या कोपऱ्यावर वळतात. कप्तान म्हणाले, वाचायचा नाहीये, धरायचाय. ती म्हणाली, अत्यावश्यक म्हणजे ज्याच्यावाचून विमान उडूच शकत नाही असा माणूस. कप्तानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तेच तर. तिच्यावाचून मला उडायचंच नाहीये."

आता हे कारण कुठल्या नियमात बसवायचं? शिवाय हिला या घरात आणलं ते याच माणसानं. बारा वर्षांपूर्वी तिला टिटवीच्या बोल्टाला, तो फिरून सैल होऊ नये म्हणून, तार बांधताना त्यांनी पाहिलं, ती तार हातात धरून दोनदा ओढली, आणि घरी जाऊन मुलाला म्हणाले, एक मुलगी पाहिलीय, तिची गाठ सुटत नाही. मुलाला बल्ब बदलायला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं; पण त्या मुलीला भेटायला तो हँगरपर्यंत आला, आणि मग येतच राहिला.

"आधी बघते," ती म्हणाली. "सहीचं मग."

तिनं खाली सतरंजी टाकली, बत्ती घेतली, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांड्याचा आरसा घेतला आणि पंखाखाली सरपटली. काम करताना गुणगुणायची तिची जुनी खोड होती, आणि शब्द ती हातातल्या कामाचेच लावायची.

पहिलं गं झाकण, उघडिते हाती
कण्याला पुसते, बरी ना रे छाती?
दुसरं गं झाकण, आरसा दाविते
लपविशी काय, बोटानं चाचपिते

उजवा पंख निर्मळ निघाला. बोल्ट कसे, दिवाळं न निघालेल्या सावकारासारखे जागच्या जागी गप्प बसलेले. डावीकडचं दुसरं झाकण उघडलं आणि तिचं गाणं मध्येच थांबलं. खालच्या बोल्टाच्या कडेला काळपट काहीतरी होतं. तिनं बोट लांब करून ते टिपलं आणि अंगठ्याशी चोळलं. ग्रीस असतं तर पसरलं असतं, चिकटलं असतं. हे कोरडं होतं, पाटीवरच्या पेन्सिलीच्या भुकटीसारखं. धातूवर धातू घासला की अशी भुकटी पडते. म्हणजे जे घट्ट असायला हवं ते कुठेतरी हलत होतं.

ती बाहेर आली आणि तिनं नुसतं बोट पुढे केलं. कप्तानांनी चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. जुनं ग्रीस असेल, म्हणाले. मग धूळ असेल. मग म्हणाले की सहा हजार तासांत टिटवी एकदा कुरकुरली नाही, आणि एका तासासाठी तिच्यावर असा आळ घेणं शोभत नाही. सूनही हट्टाला पेटली. कण्याला तडा गेलेला पंख कुरकुरत नाही, बाबा, ती म्हणाली, तो एकदाच बोलतो. आवाज वाढले. शेजारच्या विमानाला रंग देणारा रंगारी ब्रश तसाच हातात धरून ऐकत राहिला आणि रंग त्याच्या चपलेवर गळत राहिला.

शेवटी कप्तान जे बोलू नये ते बोलले. "हे विमान मी उडवायला लागलो तेव्हा तू पाळण्यात होतीस."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच ते म्हातारं झालंय."

नेमक्या त्याच वेळी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. फॉर्मवर कर्मचाऱ्याची सही लागते म्हणून कप्तानांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि चष्मा. त्यांनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, फॉर्म उचलला, चष्मा लावून सावकाश वाचला. नकाशा धरणे, असं मोठ्यानं म्हणून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, तशी कप्तानांना बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. मग त्यांनी आदेश मागितला. दोन्ही पानं वाचली. कठीण शब्दांशी त्या भांडत बसल्या नाहीत. त्यांच्यावरून उडी मारून पुढे जात राहिल्या आणि एका शब्दापाशी थांबल्या.

"भोकापासून तडा जातो म्हणतात?" त्यांनी सुनेला विचारलं.

सून हो म्हणाली. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, आणि गुडघ्यांची तक्रार करत करत त्या सतरंजीवर टेकल्या. सुनेनं आरसा धरला, बत्ती धरली. सासूबाई बराच वेळ त्या काळ्या किनारीकडे पाहत राहिल्या. उसवलेला खांदा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तशा.

"अहो, इकडे या," त्या म्हणाल्या. कप्तान आले नाहीत, तेव्हा त्या पंखाखालूनच बोलल्या. "कापड मधोमध कधी फाटत नाही. फाटतं ते सुईच्या भोकापासून. आधी शिवणीच्या कडेला असा कळकटपणा धरतो, गिऱ्हाईक म्हणतं मळ आहे, धुतला की जाईल. मळ नसतो तो. दोऱ्यानं कापड खाल्लेलं असतं. पुढच्या वेळी हात वर केला की बगल मोकळी."

रंगाऱ्यानं मान डोलावली. कप्तानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा रंगाला लागला.

कप्तान म्हणाले की स्पार काही परकर नव्हे. त्या म्हणाल्या, परकर फाटला तर माणूस लाजतो, एवढाच फरक. आणि मग, सुनेचा हात धरून उठता उठता, त्यांनी शपथ घातल्यासारखं सांगितलं. "मी रविवारी बसणार होते ती तुमच्यासाठी. पण मला पोचायचंसुद्धा आहे. तुम्हालाही पोचवायचंय मला. हिला सही करायला लावू नका. केली तर ही घरात आयुष्यभर माझ्याकडे बघू शकणार नाही, आणि नाही केली तर तुम्ही चार दिवस बघणार नाही. चार दिवस चालतील."

कप्तानांनी सुनेच्या टेबलावरून तिचं पेन उचललं, फॉर्मवर आडवी रेघ मारली, आणि पेन तिच्या खिशाला लावून निघून गेले. त्यांची पाठ तेवढीच ताठ होती. सुनेला वाटलं, वाकली असती तर बरं झालं असतं.

तिनं तपासनीसाला फोन लावला. सहा आठवडे, असं तो पुन्हा सुरू करणार होता, तेवढ्यात तिनं काळ्या भुकटीचं सांगितलं. त्याची जांभई तिथेच विरली. रेषा की ठिपका, त्यानं विचारलं. रेषा, चंद्रकोरीसारखी, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या गाडीत कांडीची पेटी घालून दारात हजर.

बोल्ट निघायला अर्धा दिवस गेला. मग त्यानं पेन्सिलीएवढी कांडी एकेका भोकात घालून गोल फिरवायला सुरुवात केली. पेटीवरचा काटा आळसावलेल्या मांजरासारखा पडून होता. डाव्या पंखाच्या खालच्या भोकात मात्र तो ताडकन उठला. तपासनीसानं कांडी काढली, पुसली, पुन्हा फिरवली. काटा पुन्हा उठला, त्याच जागी. तिळाएवढा तडा होता. किती उड्डाणं टिकला असता, असं सुनेनं विचारलं. तो म्हणाला, शंभर किंवा एक. तिळाला हिशेब कळत नाही.

कप्तान दूर, दाराला टेकून उभे होते. ऐकू येणार नाही एवढ्या लांब, पण त्या दिवशी त्यांचे कान चांगले होते.

शुक्रवारी दोन्ही पंख उतरले, पेट्यांत बांधले गेले आणि नव्या कण्यासाठी ट्रकवर चढले. परत यायला चार महिने. तोवर दाखल्याची तारीख उलटून जाणार, हे तिथे कुणी बोललं नाही. टिटवी हँगरच्या मध्यावर उरली, लाकडी घोड्यांवर, सोललेल्या शेंगेसारखी. कप्तान तिच्या नाकावरची धूळ पुसायलाही आले नाहीत.

रविवारी सून एक राहिलेलं काम उरकायला हँगरात गेली. तर टिटवीचं दार उघडं, आणि आतून बोलण्याचा आवाज. ती रंगाच्या डब्यांमागे थांबली.

डावीकडे कप्तान बसले होते, उजवीकडे सासूबाई. त्या चांगलं लुगडं नेसल्या होत्या आणि पट्टा इतका आवळला होता की श्वास अर्धाच पोचत असावा. कप्तान रुसल्यासारखे विचारत होते की आज कशी काय बसलीस. सासूबाई म्हणाल्या, ज्याला पंखच नाहीत त्याचे पंख तुटायचे कसे? यापेक्षा भरवशाचं विमान जगात नाही. आणि मग त्यांनी समोरच्या पहिल्या घड्याळावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय.

चाळीस वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कप्तानांनी घसा साफ केला. ही उंची, म्हणाले. हा वेग. ही दिशा. त्यांचा आवाज एकेका घड्याळाबरोबर तरुण होत गेला. हात आपोआप दांड्यावर गेले. समोर हँगरची भिंत होती आणि भिंतीवर आग विझवायची बाटली टांगलेली होती, पण ते तिच्या पलीकडचं काहीतरी बघत होते. आता नदीवरून जातोय, ते म्हणाले. बघ, पाण्यात आपली सावली. सासूबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली तेलाचा ट्रे होता. हं, त्या म्हणाल्या, केवढीशी दिसते. आता डावीकडे वळतोय, ते म्हणाले, आणि वळताना खरंच त्यांचा खांदा कलला. सासूबाईंचाही कलला, आणि त्यांनी कप्तानांची बाही घट्ट धरली.

सुनेनं हातातला पाना आवाज न करता खिशात घातला.

बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या, "अहो, पाय आखडले माझे. उतरायचं का आता?"

"अजून उंच आहोत आपण," कप्तान म्हणाले.

"मग सावकाश उतरवा," त्या म्हणाल्या. "घाई नाही मला."