ई ड्राइव्हचं कुलूप

सागवानाचा भुसा. कोपराआड टाइप होणारी पासवर्डाची वीस अक्षरं. केबिनमधून मालकांची हाक, "प्रसेनजीत, जरा ये बाबा." ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. पंपाच्या बॉडीचा नवा पॅटर्न, शुक्रवारी हवा.

हे सगळं कृष्णात सुताराच्या पोटात एकाच जागी दुखायचं.

शिरोलीच्या त्या फौंड्रीत ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बावीस वर्षं तोच करत आला होता. लोखंड कुठं किती आकसणार, म्हणून लाकूड कुठं किती जादा ठेवायचं, हे त्याच्या खिशातल्या डायरीत होतं. ती त्यानं सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती. पॅटर्नवाल्यांची रीतच ती. मग दोन हजार पाच साली प्रसेनजीत आला. घरचा कॉम्प्युटर मोटरसायकलवर बांधून आणला, पडद्यावर ड्रॉइंग काढू लागला, आणि मालक गणपतराव कृष्णातऐवजी त्याला हाका मारू लागले.

"काय लपवतोस रं त्या ई ड्राइव्हात?" कृष्णातनं एकदा विचारलं.

"लपवत न्हाई मामा, कुलूप हाय. डिस्क कुणी उचलून नेली तरी पासवर्डाबिगर काय दिसायचं न्हाई."

"म्हंजे आमी चोर?"

"तुमी डायरी दाखवा की. मी बी दाखवतो."

मोल्डिंगवाले हसले. कृष्णातनं रंधा जास्तच जोरात ओढला. आपलीच मापं चोरून आत भरली असणार, हे त्याच्या मनानं त्याच दिवशी घेतलं.

सोमवारी प्रसेनजीत मशीन चालू करून, कुलूप उघडायच्या आधीच स्टोअरला गेला. कृष्णातनं ई वर दोनदा टिचकी मारली. चौकट आली. डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? इंग्रजीत होतं, पण तो शब्द त्याला ठाऊक होता. भाच्याचा कॉम्प्युटर अडला की राजारामपुरीचा मेकॅनिक म्हणायचा, "फॉरमॅट मारला की नीट चालतंय." त्यानं येस दाबलं. मशीननं पुन्हा विचारलं. पुन्हा दाबलं.

ड्राइव्ह उघडली. आत काहीच नव्हतं. आधी त्याला राग आला, एवढं कुलूप आणि आत हे? मग आपल्या हातनं सगळं पुसलं गेलं हे कळलं, तो झटकन खुर्चीवरून उठला. आणि खरं सांगायचं तर, जरा बरंही वाटलं.

प्रसेनजीत आला, पडद्याकडं बघत उभा राहिला. "हितं कोण बसलंतं मामा?"

"मला काय ठावं. लाईट जाऊन आली मगाशी."

माऊसवर भुसा होता. प्रसेनजीतनं तो बोटानं पुसला.

गणपतराव धावत आले. "आता शुक्रवारचं काय?"

"मामा करतील की," प्रसेनजीत म्हणाला. "त्यांच्या डायरीत हाय सगळं."

चार दिवस कृष्णातला जेवणाची शुद्ध नव्हती. शुक्रवारी पॅटर्न तयार होऊन मोल्डिंगला गेला. मालकांनी पाठीवर थाप मारली, चहा मागवला. प्रसेनजीतही प्यायला आणि म्हणाला, "झकास झालाय मामा." तेवढ्यानं कृष्णातच्या तोंडातला घोट कडू झाला. हरलेला माणूस असा कसा हसतो?

त्या सोमवारच्या आधी, शनिवारी दुपारी, प्रसेनजीतनं ई ड्राइव्हमधल्या सगळ्याची सीडी काढून घरी नेली होती.