ढोलावरची टोपी

माझ्या पोराची, धम्मपालची थोरली लेक पिंकी, हिचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. करोनात आमच्या बँडची वाद्यं खोळीत गुंडाळून पडली होती. ती त्या वर्षी पुन्हा बाहेर निघाली, आणि लग्नं अशी सुटली की एकाच तिथीला दोन-तीन गावांची बोलावणी यायची. अशा ऐन हंगामात आमच्या क्लॅरिनेटवाल्या झुंबर पगारेनं डोक्यावरची टोपी काढून मोठ्या ढोलावर ठेवली आणि तो सायखेड्याला घरी निघून गेला.

ढोलावर टोपी ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत माझी बँडपार्टी आहे. वडलांच्या काळापासून आमच्यात रीत अशी की ज्याला पार्टी सोडायची त्यानं तोंडानं बोलायचं नाही, टोपी ढोलावर ठेवायची. मालकानं ती उचलून पेटीत ठेवली की माणूस सुटला. मालक उचलत नाही तोवर तो पार्टीचाच. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. आजवर कितीजण गेले. कुणी रिक्षा घेतली, कुणी सातपूरला कंपनीत लागला. त्यांच्या टोप्या मी त्याच दिवशी उचलल्या. झुंबरची काही उचलवेना.

ढोल वाजवणारा वाल्मीक दोन दिवस बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, टोपी उचला. नायतर मी काय खुळखुळा वाजवू?”

“वाजव.”

“लग्नात?”

“आधी तालमीत वाजव. मग बघू.”

लग्नांना उसना ढोल नेत होतो, पण तालमीला त्यानं तेलाचा रिकामा डबा आणला आणि तो बडवत बसला. माझ्याकडं बघायचा आणि मुद्दाम जोरात बडवायचा.

धम्मपाल म्हणाला, “अण्णा, त्या कीबोर्डवाल्या सनीला घेऊ. त्यात क्लॅरिनेटचं बटण असतं.”

“त्या बटणाला आपली पिंकी माहीत आहे का?”

पिंकी पाळण्यात असताना रडायला लागली की तिच्या आईचं ऐकायची नाही, आजीचं ऐकायची नाही. झुंबरनं क्लॅरिनेट हळू धरलं की ऐकायची. तिच्या वरातीत झुंबर वाजवणार हे तिच्या जन्मापासून ठरलेलं होतं.

मला वाटलं, नांदगावच्या पार्टीनं त्याला फोडला. तेच डोक्यात घेऊन एका दुपारी मी सायखेड्याला गेलो. झुंबर ओट्यावर बसला होता, तोंडावर रुमाल धरून. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

“काय दाखवलं रे नांदगाववाल्यांनी? नवा कोट? का गाडीत पुढची सीट?”

त्याची बायको छायाबाई आतून म्हणाली, “भाऊ, आधी जेवून घ्या. भांडण काय पळून जात नाय.”

तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मी भाकरी मोडली. झुंबरनं मात्र वाटी घेतली, भाकरीचा रश्श्यात पार काला केला आणि माझ्याकडं पाठ करून जेवायला लागला. उसाचं कांडं दातानं सोलणारा हा माणूस. वरातीत थांबलो की दातानं सोलून मलाही द्यायचा. माझा घास हातातच राहिला.

“मास्तर, इकडं बघ.” पार्टीत झुंबरला आम्ही मास्तरच म्हणायचो.

“जेव ना दादा तू.”

“इकडं बघ म्हणतो.”

त्यानं रुमाल काढला. वरचे पुढचे दात नव्हते.

“थंडीत गेले,” तो म्हणाला. “एक हलत व्हता. डॉक्टर म्हणला, शेजारचे बी जातील. गेले.”

“मग कवळी बसवायची! मला सांगायचं!”

छायाबाईनं फळीवरचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. आत कवळी होती. “बसवली की. पण ह्यांनी फुंकर मारली का ती बी वाजती.”

झुंबर हसला आणि लगेच तोंडावर हात गेला. मीही हसलो.

“सिन्नरच्या लग्नात वरच्या पट्टीत गेलो,” तो म्हणाला, “आन् सूर फाटला. तू पुढं व्हता घोड्यापाशी, तुला कळलं नसंल. नवरदेवाच्या दोस्तांनी व्हिडिओ काढला. माझ्यासमोर लावून एकमेकांना दाखवीत व्हते. दादा, पिंकीच्या वरातीत असं झालं तर? लेकरू आयुष्यभर तो व्हिडिओ बघंल. टोपी उचल.”

“खालच्या पट्टीत येतं का?”

“दोन्ही ओठ आत घेऊन धरलं तर निघतं. पण खालच्या पट्टीत वरात निघती का? ताशात बुडून जाईन मी.”

खोटं काही तो बोलत नव्हता. मी ताटातला रस्सा पुसून खाल्ला आणि उठलो. निघताना तो पुन्हा म्हणाला, “टोपी उचल.” मी ऐकलं नाही असं केलं.

तालमीच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. बँडवाल्याला हळू वाजव म्हणणं म्हणजे पैलवानाला छाती आत घे म्हणण्यासारखं. दुसऱ्या पार्टीपेक्षा आपला आवाज मोठा, यावरच आमची छाती फुगते. मला वाटलं, नाही म्हणतील. ट्रम्पेटवाला मनोज बराच वेळ ट्रम्पेट पुसत बसला.

“मास्तरच्या पट्टीत बसवायचं तर सगळीच गाणी खाली आणावी लागतील,” तो म्हणाला. “मी तोंडाला कापड लावीन. ट्रम्पेटच्या म्हणतोय, माझ्या नाय.”

“तुझ्या बी लाव,” वाल्मीक म्हणाला. “आन् ताशावर फडकं टाकू.”

त्या दिवसापासून आम्ही सगळी गाणी खाली ओढली. जिथं झुंबरची जागा यायची तिथं कुणी काही वाजवायचं नाही. नुसता वाल्मीकचा डबा चालायचा, आणि ती जागा संपली की बाकीचे पुन्हा धरायचे.

टोपी ढोलावर असेपर्यंत झुंबरला मात्र घरी चैन पडेना. सुटला म्हणावं तर सुटला नव्हता. एका संध्याकाळी तो मला जाब विचारायलाच आला. आम्ही वाजवत होतो. दारात तो कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याची जागा आली, सगळे थांबले, डबा तेवढा वाजत राहिला.

“एवढं खाली कोण वाजवतं रे?” दारातून आवाज आला. “मयताला निघालाय का?”

“पिंकीच्या वरातीला,” मी म्हणालो.

“नवरदेव झोपंल घोड्यावर.”

“झोपू दे,” वाल्मीक म्हणाला. “पडला तर मी धरीन. माझे हात मोकळेच हायेत, ढोल कुठंय मला?”

झुंबर आमच्याकडं बघत होता. ताशावरच्या फडक्याकडं, मनोजच्या ट्रम्पेटला बांधलेल्या कापडाकडं.

“मधी थांबता का?” त्यानं विचारलं.

“तिथं तू येतो,” मी म्हणालो.

तो आत आला. ढोलावरची टोपी उचलली, तिच्यावरची धूळ फुंकली. दात नसल्यानं फुंकर भलतीकडंच गेली, म्हणून हातानं झटकली आणि डोक्यावर घातली. ठेवणाऱ्यानंच टोपी परत उचलायची, असं आमच्यात कधी झालं नव्हतं. रीतीत ते बसत नव्हतं. मी पेटीतून त्याचं क्लॅरिनेट काढून दिलं. वाल्मीकनं डबा लाथेनं कोपऱ्यात सारला.

पिंकीचं लग्न वैशाखात झालं. वरात खालच्या पट्टीत निघाली. झुंबर दोन्ही ओठ आत घेऊन, डोळे मिटून वाजवत होता. पहिल्या चौकात नवऱ्याकडचा एक मुलगा विठाबाईला, माझ्या बायकोला, म्हणाला, “आजी, ह्यांना आवाज वाढवायला सांगा ना.”

“तू जवळ ये,” ती म्हणाली. “ऐकू येईल.”

तो आला. मग बाकीचेही आले. हॉलच्या दारापर्यंत अख्खी वरात झुंबरच्या भोवती गोळा होऊन चालत होती. पिंकी आतून धावत बाहेर आली, नवरीनं असं बाहेर येऊ नये म्हणून बायका ओरडत होत्या, आणि ती त्याच्यासमोर उभी राहून ऐकत होती.

त्यानंतरही झुंबर आमच्यात वाजवत राहिला. टोपी त्यानं पुन्हा ढोलावर ठेवली नाही. ती आता छायाबाईकडं आहे, मी मागितली नाही.

झुंबर पगारे २०२५ साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सायखेड्याला आपल्या घरी वारला.