हैबतरावांची रातची ड्यूटी

साताऱ्याचे माजी हवालदार हैबतराव सगळ्यांना सांगत, "तोफा डागून हात थरथरतो." खरं तर लष्करात त्यांनी स्वयंपाकच केला होता. थरथर थांबवायला सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूत तार आणि छातीत बॅटरी असं यंत्र बसवलं. हात थांबला, पडल्या पडल्या हैबतराव घोरू लागले. त्यांच्या बायकोची, शालूबाईंची झोप मात्र उडाली.

तपासणीच्या वेळी त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "यांच्या हातानं पलंग हलायचा, पाळण्यावानी. त्याबिगर झोप येत न्हाई."

डॉक्टर हसले. "झोपताना यंत्र रिमोटनं बंद ठेवलं तरी चालेल."

आता शालूबाईंचा डोळा लागेपर्यंत हैबतराव यंत्र बंद करून थरथरत जागतात. सकाळी कट्ट्यावर जांभई देत म्हणतात, "रातची ड्यूटी लागलीय गड्या. लय नाजूक मोर्चा हाय!"